दोर हाताला गुंडाळायचा नाही

बोट घ्यायची अवदसा मला कुठून आठवली कोण जाणे. पुण्यात वाढलेला माणूस मी, पोहणं शिकलो ते टिळक टँकवर, तेही कमरेइतक्या पाण्यात. पण इथे ऑस्ट्रेलियात पॉइंट कुकला घर झालं, गाड्या दोन झाल्या, मग माणसाला काहीतरी खाज सुटतेच. ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने जुनी केबिनवाली छोटी बोट विकायला काढली आणि मी भुललो. बायको म्हणाली, "घे, घे. घरातली झाडं मरतायत पाण्याशिवाय, तू जा पाण्यात."

बोट ठेवायला जागा मिळाली ती तासाभरावरच्या एका कालव्यांच्या वसाहतीत. तिथे प्रत्येक घरामागे पाणी, पाण्यात धक्का. हे पाणी उपसागरापेक्षा उंचावर अडवलेलं, म्हणून बाहेर जायला मध्ये एक लॉक. लॉक म्हणजे दोन दरवाजांमधली सिमेंटची उभी पेटी. आत शिरायचं, मागचा दरवाजा बंद होतो, पेटीतलं पाणी हळूहळू सोडतात, बोट खाली खाली जाते आणि समुद्राच्या पातळीला आली की पुढचा दरवाजा उघडतो. शनिवार-रविवारी हे काम तिथले रिटायर्ड लोक हौसेने करतात. नारिंगी जॅकेट, टोपी, बाजूला किटली.

यातले बहुतेक जण मला फारसे झेपायचे नाहीत. खोटं कशाला बोलू? एक जण दर खेपेला लाइफ जॅकेटचे पट्टे तपासायचा, जसा काही मी कालच बोटीतून ऑस्ट्रेलियात उतरलोय. दुसरा ओळखीच्यांना आधी सोडायचा आणि आम्हाला 'टू मिनिट्स, मेट' म्हणून अर्धा तास तिष्ठत ठेवायचा. पण शनिवारी सकाळी असायचा एक ऐंशीच्या घरातला म्हातारा, आणि त्याच्यासारखा माणूस मी इथे दुसरा पाहिला नाही. पहिल्या दिवशी मी दोराची पक्की गाठ मारून बसलो होतो. वरून ओरडला नाही की हसला नाही. वाकून म्हणाला, "बांधू नकोस. पाणी खाली जाईल, बोट दोराला टांगली जाईल. वरच्या खुंटाला नुसता वळसा घाल, टोक हातात धर आणि सोडत राहा."

बाबा गेल्यावर मी आईला कायमचं इकडे आणलं होतं. तिचा दिवस कसा जायचा ते सांगण्यासारखं काही नाही. आम्ही दोघं कामाला, मुलगी शाळेत आणि शाळेतून आली की खोलीत. आजीने हाक मारली की आतून उत्तर, "लेटर, आजी!" बस थांब्यावर माणूस दिसायचा नाही, फुटपाथवर कुत्री फिरवणारे तेवढे हसायचे. मी तिला एका शनिवारी बोटीवर नेलं ते खरं तर बायकोला मोकळी सकाळ मिळावी म्हणून.

आईने पुढचा दोर हातात घेतला आणि मी बघतच राहिलो. माहेरी ती आडावर पाणी शेंदायची. दोर धरायची रीत हातात मुरलेली. फक्त एकच खोड: दोराचे दोन वेढे तळव्याभोवती घ्यायची. घसरू नये म्हणून आडावर सगळ्याच बायका घेत. म्हाताऱ्याने पहिल्याच खेपेला ते पाहिलं आणि हात वर करून म्हणाला, "हाताला गुंडाळायचा नाही, लव्ह. नेव्हर."

'लव्ह' ऐकून आईचा चेहरा पाहण्यासारखा झाला. "मेला, वयाचा तरी मान ठेव म्हणावं!" मी समजावलं, अगं, इथे भाजीवालीलाही तसंच म्हणतात. त्यावर म्हणाली, "मग भाजीवालीला म्हणू दे." पण पुढच्या शनिवारी पहाटे उठून थालीपिठं लावली आणि डब्याला फडकं बांधलं.

त्यानंतर शनिवार म्हणजे लॉक हे ठरूनच गेलं. आई म्हाताऱ्याला 'लॉकवाले' म्हणायची. लॉकवाले लांबूनच हात वर करायचे, तिच्यासाठी प्लॅस्टिकची खुर्ची मांडून ठेवायचे. बाहेर जाण्याआधी दोघं चहा प्यायचे. ती मराठीत बोलायची, ते इंग्रजीत, आणि दोघांचं बरं चाललेलं असायचं. दर खेपेला पाणी सोडायच्या आधी ते कठड्यावरून वाकून तिचा हात बघत. वेढा दिसला की मान हलवत. तीही हसून सोडवायची. सवयच ती, दर खेपेला वेढा पडायचाच. मीही कधी तिच्या मागे लागलो नाही. ते बघतातच ना, म्हणून.

मग ते विसरायला लागले.

आधी किरकोळ. बोटीचं नाव दोनदा विचारलं. आईला विचारलं, मिस्टर का नाही आले? बाबा गेल्याचं त्यांना ठाऊक होतं, फोटो बघून डोळे पुसले होते त्यांनी. एकदा पाणी सारखं व्हायच्या आत दरवाजाचं बटण दाबायला निघाले. मी खालून ओरडलो तसे थांबले, "ओल्ड फूल" म्हणून स्वतःच्या कपाळावर हात मारून हसले. मीही हसलो. हसण्यासारखं त्यात काय होतं?

एका शनिवारी पार्किंगमध्ये त्यांच्या पाळ्या लावणारी बाई मला थांबवून म्हणाली, "तू दर आठवड्याला येतोस. तुला ते ठीक वाटतात का? खरं सांग."

खरं सांग, म्हणाली होती. आणि मी म्हणालो, "ही इज ऑल गुड. नो वरीज."

आता कितीतरी कारणं देतो मी स्वतःला. वडीलधाऱ्या माणसाची चुगली तिसऱ्यापाशी करायची नाही, ही आमची शिकवण. बाबांना शेवटच्या वर्षात चष्मा फ्रिजमध्ये सापडायचा, तेव्हाही आम्ही चार लोकांत अवाक्षर काढलं नव्हतं. असं झाकणं म्हणजे मान राखणं, असं मला वाटत आलंय. पण एवढंच असतं तर बरं होतं. ते गेले असते तर शनिवारी तो पट्टे तपासणारा आला असता, आणि मला तो नको होता. इतकं क्षुद्र कारण होतं ते. लाज वाटते लिहायला.

त्यानंतर तिसऱ्या की चौथ्या शनिवारी ओहोटी पूर्ण होती, पाणी बरंच खाली सोडायचं होतं. आई पुढे दोर धरून. मी मागे माझा दोर एका हाताने धरून दुसऱ्या हाताने इंजिनाशी खटपट करत होतो. लॉकवाले वाकले नाहीत. बटणांपाशी गेले आणि एरवी थोडं थोडं सोडायचे ते पाणी एकदम पूर्ण सोडलं. बोट भसकन खाली बसली. आईचा आवाज आला, ओरडणं नव्हे, नुसता श्वास अडकल्याचा. वर बघतो तर तिचा उजवा हात दोरासकट बोटीच्या रेलिंगवर आवळला गेलेला आणि बोटीचा भार त्या दोन वेढ्यांवर. मी "स्टॉप! स्टॉप!" म्हणून बोंबलत होतो आणि ते वरून माझ्याकडे बघत होते, कोणता पाहुणा आलाय दारात असं. चाकू सापडेपर्यंत, दोर कापेपर्यंत जे व्हायचं ते होऊन गेलं होतं.

तीन बोटं गेली. अंगठा आणि करंगळी राहिली.

वसाहतीच्या कमिटीतून दोघं घरी आले. बायकोने चहा केला. त्यांनी विचारलं, याआधी काही लक्षात आलं होतं का? मी म्हणालो, नाही. समोर कपबशीकडे बघत म्हणालो. बायकोला मी सगळं सांगत आलो होतो. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि ट्रे घेऊन आत गेली. त्यानंतर आजतागायत ती या विषयावर बोललेली नाही.

लॉकवाले आपणहून बाजूला झाले. सगळा दोष आपला, असं लिहून दिलं म्हणे. एकदा लेकीबरोबर आमच्याकडे आले, हातात घरच्या लिंबांची पिशवी. आईच्या बँडेजकडे बघून लहान मुलासारखे रडले. आई मला म्हणाली, "त्यांना सांग, त्यांची काही चूक नाही. दोर मी गुंडाळला होता." मला ते इंग्रजीत सांगता आलं असतं. चार शब्दांचं तर काम. पण दोष वाटायला लागलो की माझाही वाटा निघणार, म्हणून मी एवढंच म्हणालो, "शी सेज थँक यू फॉर कमिंग." त्यांनी मान हलवली. महिन्याभरात लेकीने त्यांना वृद्धाश्रमात ठेवलं. तिथे ते दर शनिवारी जॅकेट मागतात, असं तिने मला फोनवर सांगितलं. मी भेटायला गेलो नाही. बोट विकली.

आई आता खोलीतच असते. वेणी बायको घालते, भात ती डाव्या हातात चमचा धरून खाते, सांडला की ताट आत घेऊन जाते. परवा मी तिच्या पलंगावर जाऊन बसलो आणि बोलून टाकलं. म्हटलं, "आई, ते विसरतात हे मला माहीत होतं. पाळ्या लावणाऱ्या बाईने मला विचारलंही होतं. मी खोटं बोललो."

ती खिडकीतून शेजाऱ्यांच्या कुंपणाकडे बघत होती. म्हणाली, "मलाही माहीत होतं. तुझ्या आधीपासून. डबा दिला की पाच मिनिटांनी विचारायचे, आज काय आणलंय?"

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर काढलं असतं ना त्यांना." मग मला समजावल्यासारखं म्हणाली, "अरे, या देशात माझी वाट बघणारं तेवढं एकच माणूस होतं."

मी तिचा तो दोन बोटांचा हात हातात घेतला. बाबा गेल्यावर पुण्यातलं घर विकून मी तिला इकडे आणलं होतं, ती तिथे एकटी पडू नये म्हणून.