पूजेतली सतार

खंडेनवमीला आमच्याकडे विळी, कात्री, पान्हा आणि माझी सतार एका पाटावर मांडतात. यंदा झेंडूचा हार नव्या सुनेनं घातला. मग सतारीपुढे हात जोडून, गेलेल्या माणसाबद्दल विचारावं तसं तिनं हळू आवाजात विचारलं, "बाबा, ही कोण वाजवायचं?"

"मी," म्हणालो, तशी ती ओशाळली.

तिचं काय चुकलं? शिकवणाऱ्या बाई सांगायच्या, "रोज अर्धा तास बस. बेसूर वाजलं तरी वाजव." मला बेसूर वाजवायची लाज वाटायची. नीट सवड मिळाली की बसू, असं म्हणत मी सतार नुसती पुसत राहिलो, पुजत राहिलो. तारांवर हळदीकुंकवाचे थर चढले. अजूनही घरात कोणी मोठ्यानं खोकलं की त्या आपोआप गुणगुणतात. तेव्हा वाटतं, विशीतला मीच भोपळ्यात बसून दुसऱ्या धड्याची वाट बघतोय.

"थोडं वाजवा ना," सून म्हणाली.

"पूजेतल्या वाद्याला आज हात लावायचा नसतो," मी म्हणालो.

उरलेल्या तीनशे चौसष्ट दिवसांचं तिनं विचारलं नाही.