हरसिंगचे कान आणि जजसाहेबांचा प्रश्न

आमची तोफखान्याची रेजिमेंट तेव्हा सीमेवर होती. दोन नंबरच्या तोफेचा मी हवालदार, मूळचा यवतमाळचा. माझ्याच जिल्ह्यातला गनर हरसिंग, दारव्ह्याजवळच्या तांड्यावरचा. त्याचा जोडीदार मोहन. गोळे उचलायचा अन् गाणी म्हणायचा, तीही बेसूर.

फौजेत एक सवय हाडात भिनते. साहेबानं "कैसे हो?" विचारलं की छाती पुढे काढून, "ठीक है, साब!" ताप असो की पायाला फोड, उत्तर तेच.

एका सकाळी गोळा आमच्या खड्ड्याशेजारीच पडला. मोहन जागीच गेला. हरसिंगच्या दोन्ही कानांतून रक्त. मागच्या चौकीवरून साहेबांचा फोन आला.

"दो नंबर, हालत बोलो."

"एक शहीद. गन तयार, साब," मी म्हणालो. हरसिंगच्या कानांचं सांगितलंच नाही.

दुपारी मेडिकलवाला आला. हरसिंग म्हणाला, "ठीक है." मागे गेला असता तर तोफेवर आणखी एक माणूस कमी झाला असता.

पुढे त्याचं ऐकू येणं पारच गेलं. फौजेनं घरी पाठवलं, पण अपंगत्वाची पेन्शन नाकारली. म्हणे, जखमेची नोंद नाही, बहिरेपणाचा नोकरीशी संबंध नाही. त्या वर्षांत कापसाला कुत्रं विचारत नव्हतं. घराची सारी भिस्त या पेन्शनवर. अपीलही फेटाळलं. मग कोर्ट. साक्षीदार मी.

जजसाहेबांनी सहज विचारलं, "कसे आहात?"

हरसिंगनं टाच आपटली. "ठीक है, साब!"

सरकारी वकील हसले. मी कपाळावर हात मारला. अरे बाबा, इथं तरी नको!

पण ऐकू येत नाही, तर यानं उत्तर दिलं कसं? मलाही आधी हेच कोडं होतं. गडी ओठ वाचतो, हे मला फार उशिरा कळलं. मी उठलो. "साहेब, जरा तोंड झाकून विचारा."

जजसाहेबांनाही कुतूहल वाटलं. त्यांनी फाइल तोंडासमोर धरली. "तुमच्या शेजारी जो जवान गेला, त्याचं नाव काय?"

"ठीक है, साब!"

फाइल खाली आली. मग त्यांनी मलाच त्या सकाळबद्दल विचारलं, अन् मी सगळं सांगितलं.

निकाल हरसिंगच्या बाजूनं लागला. बहिरेपण नोकरीतलंच, पेन्शन द्या. परतताना दारव्ह्याच्या जीपमध्ये तो पोरासारखा खुश होता. मला कोपरानं ढोसून म्हणाला, "उस्ताद, साहेबानं तोंड झाकून काय इचारलं होतं?"

मी त्याच्याकडे तोंड केलं आणि सावकाश सांगितलं.

त्याचा चेहराच उतरला. "मोहनचं नाव इचारलं, अन् म्या ठीक है म्हनलं?"

तांडा येईपर्यंत तो रडत होता. मीही रडलो, लपवत नाही. जीपमधून उतरल्यावर तो रस्त्यातच सावधान उभा राहिला आणि कोर्टात राहिलेलं उत्तर मोठ्यानं दिलं.

"गनर मोहन, साब!"