दामूचा कार्बोरेटर

आमच्या वर्कशॉपची पोस्टिंग डोंगरात होती. मी हवालदार, व्हेईकल मेकॅनिक. सकाळी रोलकॉल, मग एकेक गाडी स्टार्ट करून ऐकायची, मग दिवसभर ग्रीस. शौर्याच्या गोष्टी ऐकायला येणाऱ्यांची माझ्याकडे निराशा होते, म्हणून मी फारसा बोलत नाही. हे एक कारण. दुसरं आज सांगतो.

लान्स नायक दामोदर आमच्याकडे ड्रायव्हर होता. आम्ही त्याला दामू म्हणायचो. उरणकडचा. शेतं सरकारी भूसंपादनात गेली तेव्हा त्याच्या वडिलांनी एक जुनी मोटार घेतली होती. सुट्टीवर गेला की दामू तिचा कार्बोरेटर खोलून साफ करायचा, आणि परत आल्यावर मला रिपोर्ट द्यायचा, "उस्ताद, म्हातारी टकाटक!"

निवृत्तीनंतर मी रोडपालीला राहायला आलो. कळंबोलीत छोटं गॅरेज आहे. गेल्या महिन्यात तोच कार्बोरेटर वर्तमानपत्रात गुंडाळून दामूचा धाकटा भाऊ बाळाराम तिथे आला.

"भाऊ, रेश्माचं लगीन हाय. पोरगी बोलते, बापाच्या गाडीतनंच जाणार. गाडी चालू करून द्या. पन आय सांगते, दामूच्या हाताचा पार्ट हाय, बदलायचा नाय."

रेश्मा दामूची मुलगी. तो गेला तेव्हा रांगत होती.

मी कार्बोरेटर खोलला. थ्रॉटलचा दांडा झिजून ढिला झाला होता. त्याला लेथवर नवा बुश, म्हणजे आतली कडी, करून घेता आला असता. पण खालच्या बाजूला बॉडीलाच चीर होती. तो ओतीव धातू वेल्डिंग धरत नाही. चिरेत पुट्टी भरून, जाड गॅस्केट घालून गाडी सुरू झाली असती. तापल्यावर मात्र चिरेतून हवा ओढली असती आणि बंद पडली असती. त्यांच्या गावापासून पनवेलच्या हॉलपर्यंत सगळा कंटेनर ट्रेलरचा रस्ता.

अशी चीर मी आधी एकदा भरली होती. दामूच्या जीपच्या कार्बोरेटरची.

तेव्हा स्टोअरच्या रॅकवर नवा कार्बोरेटर सीलबंद पडला होता. पण इन्स्पेक्शन तोंडावर आलं होतं, आणि इन्स्पेक्शनला रॅक भरलेला दिसला पाहिजे, ही आमची रीत. मला कोणी ऑर्डर दिली नव्हती. नवा काढायचा नाही, चीर भरायची, हे मीच ठरवलं.

"इन्स्पेक्शन झाल्यावर नवा बसवतो," मी दामूला म्हणालो.

"तुमी केलंय ना, मंग झालं."

दुसऱ्या दिवशी कॉन्व्हॉय निघाला. वाटेत दगड कोसळणारा एक टप्पा होता. तिथे थांबायचं नाही, अशी सक्त ऑर्डर. मी शेवटच्या रिकव्हरी गाडीत वायरलेस सेटवर ऐकत होतो. दामूची जीप त्या टप्प्यात बंद पडली. जीपमध्ये तो एकटाच होता. सेटवर कॉन्व्हॉय कमांडरचा आवाज आला.

"गाडी छोडो. पैदल निकलो. ओवर."

"साब, उस्ताद ने ठीक की है. स्टार्ट हो जाएगी. ओवर."

"छोडो, दामोदर. ओवर."

दगडांचा आवाज आम्हाला मागेसुद्धा ऐकू आला.

कोर्ट ऑफ इन्क्वायरीत मला विचारलं, गाडी कशी होती? मी म्हणालो, "फिट, सर." नोंद झाली, दरड कोसळून मृत्यू. ते खोटं नव्हतं. पुरं नव्हतं.

दरवर्षी त्याच्या श्राद्धाच्या दिवशी मी त्यांच्या घरी जातो, जेवून येतो. या वेळी कार्बोरेटर घेऊन गेलो. त्याची आई ओटीवर वाल सोलत बसली होती.

"आये, हा बसवत नाही. नवा घालतो."

"का? माजा दामू त्याला पोरासारका पुसत व्हता."

"चिरलाय."

"मंग जोड. फौजीतला मिस्तरी ना तू?"

मग मी सांगितलं. चीर, रॅक, सेटवरचं बोलणं. क्रमाने, जसं तेव्हा सांगायला हवं होतं तसं. बाळाराम मध्येच उठून बाहेर गेला. म्हातारीचे हात वालात तसेच राहिले.

"इतकी वर्सं येतोस," ती म्हणाली. "माज्या हातचं जेवतोस."

"हो."

तिने वालाची टोपली बाजूला सारली.

"नवा बसव. पोर बसनार हाय त्यात." मग तिने जुना कार्बोरेटर पायाने माझ्याकडे सरकवला. "ह्यो तू ने. माज्या घरात नको."

मी नवा बसवला. गाडी तापवून तापवून त्याच रस्त्यावर पळवली. लग्नाचं आमंत्रण आलं नाही, येणारही नव्हतं. त्या दिवशी मी पुलाखाली उभा राहिलो. दोन ट्रेलरच्या मधून मोटार आली. बाळाराम चालवत होता, मागे मुंडावळ्या बांधलेली रेश्मा. इंजिनाचा आवाज स्वच्छ होता. कोणी माझ्याकडे पाहिलं नाही. गाडी थांबली नाही.

जुना कार्बोरेटर माझ्या खिडकीत आहे. पुसतो, परत ठेवतो. माहेरवाशीण रेश्मा कधी विचारायला आली, तर तिलाही एवढंच सांगेन. लान्स नायक दामोदर, ड्रायव्हर. त्याने गाडी सोडली नाही, कारण ती मी दुरुस्त केली होती.