खिचडीच्या चुलीवरचं विज्ञान

वारंगा फाट्यावर बसमधून उतरायचं, पुढं जीप मिळाली तर जीप, नाहीतर कुणा ओळखीच्या गुरुजींच्या मोटारसायकलवर मागं बसून तांड्यावरची शाळा गाठायची, असं माझं नऊ वर्षं चाललं. रोजचं अपडाऊन. हिंगोलीतल्या आमच्या घरात आजोबा कारकून, वडील कारकून. मी भौतिकशास्त्र घेऊन पदवी काढली, बी.एड. केलं आणि जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावी ते आठवीला विज्ञान शिकवायला लागले. आता ती शाळा सुटून चार वर्षं होतील. माझी बदली गावाजवळच्या मोठ्या शाळेत झाली, घरापासून दहा मिनिटांवर. भेटेल तो म्हणतो, नशीब काढलं बाई तुम्ही. मीही हो म्हणते.

पण मला त्या शाळेची आठवण येते, आणि शाळेपेक्षा जास्त एका बाईची येते. ती आमच्याकडं पोरांची खिचडी शिजवायची. तांड्यातलीच होती, माझ्यापेक्षा पाच-सात वर्षांनी मोठी. मी तिला मावशी म्हणायचे आणि ती मला मॅडम.

मी रुजू झाले तेव्हा प्रयोगाचं साहित्य म्हणून शाळेत एक लोखंडी कपाट होतं. त्यात एका बाजूचं पारडं नसलेला तराजू, चार परीक्षानळ्या आणि एक चुंबक. त्या चुंबकाला टाचणीसुद्धा चिकटत नव्हती. पहिले दोन महिने मी पुस्तकावरूनच शिकवलं. हवेला दाब असतो, असं मी फळ्यावर लिहिलं. पोरांनी ते वहीत उतरवून घेतलं. मी प्रश्न विचारला, तर त्यांनी तेच वाक्य मला परत दिलं. एकाही चेहऱ्यावर काही हललं नाही. त्या दिवशी घरी येताना बसमध्ये मला स्वतःचीच लाज वाटत होती.

दुसऱ्या दिवशी मी घरून काचेचा पेला आणि एका जुन्या लग्नपत्रिकेचा पुठ्ठा नेला. पेला काठोकाठ भरला, वर पुठ्ठा ठेवला आणि वर्गाला विचारलं, "आता हा पालथा करणार. पाणी पडेल का?"

"पडंल!" सगळा वर्ग ओरडला.

आणि पडलंच. पेला पालथा केल्यावर पाणी दोन क्षण थांबलं, मग पुठ्ठा वाकला आणि सगळं पाणी माझ्या साडीवर. पोरं इतकी हसली की शेजारच्या वर्गातली पोरंही खिडकीत आली. तेवढ्यात दारातून आवाज आला, "मॅडम, पुठ्ठा पानी पिऊन राहिला ना. मऊ पडला, वाकला, अन् कडेनं पान्याला वाट भेटली. थांबा जरा."

दारात मावशी उभी होती, हातात खिचडीची पळी. ती लगबगीनं खिचडीच्या शेडमध्ये गेली आणि कुठल्याशा डब्याचं सपाट प्लास्टिकचं झाकण घेऊन आली. "ह्याच्यावर करून पहा."

या वेळी पाणी पडलं नाही. पेला पालथा, माझा खालचा हात काढलेला, आणि झाकण तिथंच चिकटलेलं. मागच्या बाकावरची एक पोरगी उठून पुढं आली आणि पेल्याखाली वाकून बघायला लागली, झाकणाला काही बांधलंय का म्हणून.

"पडलं काहून न्हाई?" मावशीनं विचारलं.

वर्गातल्या एकाही लेकराला न सुचलेला प्रश्न तिनं विचारला होता. मी तिलाच सांगायला लागले. आपल्याभोवती सगळीकडं हवा आहे, ती वरून दाबते तशी खालूनही दाबते, झाकणाला खालून तिनंच धरलंय. मावशीनं पळी दाराला टेकवली.

"हवा? दिसत बी न्हाई, अन् येवढं पानी धरून ठेवती?"

"धरते."

"मग मी दिवसभर तिच्यात वावरून राहिले, मला काहून न्हाई लागत तिचा भार?"

आपलं अंगही आतून तेवढंच बाहेर दाबतं, असं मी तिला सांगितलं, आणि वर्ग ऐकत राहिला. पोरं माझ्याशी बोलायला लाजत होती, पण मावशी त्यांच्या घरातली होती. ती विचारते म्हटल्यावर आपणही विचारलं तर चालतं, हे त्यांना त्या दिवशी कळलं. तासाच्या शेवटी सहा-सात हात वर होते.

तिथून पुढं माझी प्रयोगशाळा म्हणजे खिचडीची शेड. विज्ञानाचा तास मी मधल्या सुट्टीच्या आधी मागून घेतला, कारण तेव्हा चूल पेटलेली असायची. ताटं, पेले, परात, सगळं हाताशी. टेबलावर चादर टाकून त्यावर पाण्यानं भरलेले स्टीलचे पेले मांडायचे आणि चादर झटक्यात ओढायची. पेले जागेवर राहिले की जडत्व शिकवायला वेगळं काही बोलावं लागत नसे. पाण्यानं भरलेली बादली दोरीला बांधून डोक्यावरून गरगरा फिरवायची, थेंबही सांडायचा नाही. डोक्यावर दोन हंडे घेऊन मावशी अंगणातून चालत जायची आणि ती मान कशी धरते, पाऊल कसं टाकते, हे पोरं बघायची. मग मी गुरुत्वमध्य हा शब्द फळ्यावर लिहायचे. आधी बघायचं, मग शब्द, हे मला कुठल्या प्रशिक्षणात कुणी शिकवलं नव्हतं.

एकदा मात्र मावशी माझ्यावर खरंच रागावली. खाद्यतेलाचा पत्र्याचा रिकामा डबा होता. मी त्यात थोडं पाणी घातलं, चुलीवर उकळी आणली, वाफ जोरात निघायला लागल्यावर डबा खाली उतरवून बूच घट्ट लावलं आणि वरून गार पाणी ओतलं. डबा धडाधड आवाज करत आत दबला, कुणी पायाखाली तुडवावा तसा. पोरं नाचायला लागली. मावशी कमरेवर हात ठेवून त्या पत्र्याकडं बघत होती.

"आवं मॅडम, दाळ ठेवायला धुवून ठेवला व्हता तो! इचारायचं तर व्हतं!"

मी माफी मागितली. दुसऱ्या दिवशी घरून तसाच डबा आणून दिला. तिनं तो घेतला, आत बोट फिरवून बघितलं आणि म्हणाली, "काल रात्री नीज न्हाई आली. हातबी न लावता डबा कसा मोडला? आत वाफ व्हती, ती गार पडून पानी झाली, म्हणजी आत काहीच न्हाई उरलं. अन् भायेरची हवा तर तशीच दाबून राहिली. व्हय का?"

"बरोबर," मी म्हणाले. मला त्यात एक शब्दही बदलायचा नव्हता.

पोरांची खिचडी झाली की मावशी त्याच चुलीवर स्वतःपुरती भाकरी थापायची. एका दुपारी मी तिथं पाटावर बसले होते. भाकरी टाकायच्या आधी तिनं तव्यावर पाण्याचा हबका मारला आणि म्हणाली, "एक इचारू? तवा कमी तापला की पानी चर्र करून लगेच आटतं. अन् लई तापला की थेंब मोत्यावानी पळत ऱ्हातो, आटतच न्हाई. जास्ती तापल्यावर लवकर आटाया पायजे ना? उलटं काहून?"

मला माहीत नव्हतं. मी पदवीधर, ती आयुष्यभर तव्यापुढं बसलेली. मीही रोज तवा तापवते, पण असं कधी बघितलं नव्हतं. मी म्हणाले, "मावशी, मला नाही येत याचं उत्तर. उद्या सांगते."

तिला ते फार आवडलं असावं. "तुमाला बी येत न्हाई?" असं तिनं दोनदा विचारलं, आणि दोन्ही वेळा हसली.

घरी जाऊन मी शोधलं. तवा फार तापलेला असला की थेंबाचा खालचा पापुद्रा टेकताक्षणी वाफ होतो, आणि उरलेला थेंब त्या वाफेवर तरंगत राहतो. तव्याला त्याचं अंग लागतच नाही, म्हणून तो सावकाश आटतो. दुसऱ्या दिवशी हे सांगितल्यावर मावशीनं लगेच चूल फुंकली. तिनं तवा तापवला, थेंब टाकला, अगदी खाली वाकून बघितलं. धुरानं डोळ्यांत पाणी आलं तरी हटली नाही.

त्या हिवाळ्यात आमच्या केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या दहा-बारा शाळांच्या शिक्षकांची बैठक आमच्या शाळेत ठरली. प्रत्येक शाळेनं एक नमुना पाठ दाखवायचा असतो. मी मुख्याध्यापकांना म्हणाले, "आपला पाठ मावशी घेईल." ते म्हणाले, "मॅडम, लोक काय म्हणतील?" मी म्हणाले, जे म्हणायचं ते मला म्हणू द्या. मावशीला तयार करायला त्याहून जास्त वेळ लागला. ती म्हणायची, माझी जीभच उचलणार न्हाई.

उचलली. शेडसमोर दोन चुली मांडल्या, दोन तवे ठेवले. साडी-धोतरातले, पँट-शर्टातले चाळीसेक शिक्षक अर्धवर्तुळात उभे. मावशीनं पदर खोचला आणि माझ्याकडं बघून बोलायला सुरुवात केली, मग हळूहळू त्यांच्याकडं वळली. "हा तवा जरासा तापला. ह्यो लई तापला. दोन्हीवर येक येक थेंब टाकते. आधी कोनता आटंल, सांगा."

सगळे हात दुसऱ्या तव्याच्या बाजूनं. केंद्रप्रमुखांचाही. मावशीनं थेंब टाकले. पहिल्या तव्यावरचा चर्र करून गेला. दुसऱ्यावरचा गोल होऊन इकडून तिकडं पळत राहिला, पळतच राहिला. कुणीतरी मोठ्यानं "अरे!" म्हणालं. मग सगळे पुढं सरकले, एकमेकांच्या खांद्यावरून वाकून बघायला लागले, अगदी आमच्या पोरांसारखे.

एका सरांनी विचारलं, "मावशी, किती शिकल्या तुम्ही?"

"न्हाई शिकले. आता येऊन राहिले ना रोज शाळंत," ती म्हणाली.

त्या वर्षीच्या उन्हाळ्यात बदल्यांची यादी लागली. मी अर्ज केलेला नव्हता, पण त्या शाळेवर माझी वर्षं भरली होती. शेवटच्या दिवशी पोरांनी फुगे लावले, भाषणं झाली. मी शेडमध्ये गेले. मावशी परात घासत होती. हात न थांबवता तिनं विचारलं, "तिथं बी चूल हाय का?"

"नाही. तिथं जेवण बाहेरून बंद डब्यात येतं."

"मग कशावर शिकवसाल?"

तिनं परात पालथी घातली, हात पुसले आणि माझा हात दोन्ही हातांत धरला. तिचे तळवे किती खरखरीत आहेत, हे मला नऊ वर्षांत पहिल्यांदा कळलं.

नव्या शाळेत खरी प्रयोगशाळा आहे. चंचुपात्रं आहेत, बर्नर आहे, भिंतीवर मोठा पडदा आहे. त्या पडद्यावर बोट टेकवलं की कुठलाही प्रयोग दिसतो. मुलं हुशार आहेत, उत्तरं त्यांना आधीच पाठ असतात. मी अजूनही हातानं प्रयोग करते. पाणी फिरवते, चादर ओढते. मुलं टाळ्या वाजवतात. पण टाळ्या थांबल्यावर मी नकळत दाराकडं बघते, आणि तिथं कुणी नसतं.

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीआधी रजा टाकून मी तिकडं गेले. शेडमध्ये आता गॅस आला आहे. मावशी बारीक झाली होती. मला बघून तिनं आधी तोंडाला पदर लावला, मग हसली. चहा केला. माझ्या लेकाचं शिक्षण विचारलं, माझ्या गुडघ्यांचं विचारलं. मी तिच्या नातवंडांचं विचारलं. मग बोलणं संपलं.

न राहवून मी म्हणाले, "मावशी, काही नवीन दिसलं का? विचारायचं काही राहिलंय का?"

तिनं रिकामे पेले उचलले. "दिसतं ना मॅडम. पर कोनाला इचारू? तुमी गेल्या अन् ती सवय मोडली."

मी म्हणाले, फोन करा, माझा नंबर घ्या. तिनं नंबर नातीच्या हातानं लिहून घेतला. माझ्या जागी आलेले नवीन सर चांगले आहेत, तरुण आहेत. त्यांनी आग्रहानं मला एक तास घ्यायला लावला. वर्गात मला ओळखणारी तीन-चारच पोरं उरली होती, मी निघाले तेव्हा ती दुसरी-तिसरीत होती. मी तास घेतला. मावशी ताटं वाढण्यात होती, तिला यायला जमलं नाही.

तिचा फोन अजून आलेला नाही. मीच दोनदा केला. एकदा लागला, तेव्हा तांड्यात कुणाचं तरी लग्न होतं आणि डफाच्या आवाजात आम्हाला एकमेकींचं काही ऐकू आलं नाही.

या उन्हाळ्यात बदलीचा अर्ज भरायची संधी होती. पसंतीक्रमात पहिल्या नंबरला मी तांड्यावरच्या शाळेचं नाव टाकलं. लेक शेजारी बसून बघत होता. तो म्हणाला, "आई, लोक तिथून सुटायला अर्ज करतात." त्याचे बाबा पेपर वाचत होते, त्यांनी मान वर केली नाही. मी म्हणाले, माहीत आहे मला. आणि अर्ज पाठवून दिला. यादी अजून लागायची आहे.