इकबालभाईंची पारख

इकबालभाई गेल्याचं त्यांच्या मुलीनं रत्नागिरीहून फोन करून कळवलं, तेव्हा मी ओमानमधल्या रुस्ताकच्या दुकानात त्यांच्याच खुर्चीत बसलो होतो. "अब्बांनी तुमचा नंबर लिहून ठेवला होता," ती म्हणाली.

आमचं दुकान दुर्बिणींचं आणि रायफलवर बसवायच्या स्कोपचं. इथे हरणाला हात लावायची सोय नाही, पण परवाना काढून परदेशात शिकारीला जाणारी हौशी मंडळी आमच्याकडे यायची आणि आल्या आल्या सगळ्यात लांबचं दाखवणारा स्कोप मागायची. ट्यूबलाइटखाली सगळ्याच काचा चांगल्या, असं म्हणत इकबालभाई त्यांना चहा पाजून थांबवायचे आणि मगरिबच्या, म्हणजे सूर्यास्ताच्या नमाजाच्या सुमाराला मागच्या अंगणात न्यायचे. हरीण बाहेर पडतं ते अंधुक उजेडात. त्या वेळी समोरच्या डोंगरावरच्या बकरीचे कान ज्या काचेतून वेगळे दिसतील ती घ्यायची. मी नागपूरचा, तेव्हा काउंटरला होतो आणि मला या खटाटोपाचा वैताग यायचा.

एका संध्याकाळी आलेलं गिऱ्हाईक दोन दिवसांत शिकारीला निघणार होतं. अर्बाब, म्हणजे आमचे मालक, स्वतः हजर. इकबालभाईंनी एक स्कोप डोळ्याला लावला, दुसरा लावला, तिसरा... तिन्ही खराब म्हणाले. अर्बाबनी तिसरा माझ्या हातात दिला. "तू देख." मला बकरी दिसली, तिचे कान दिसले, गळ्यातली दोरीसुद्धा. मग इकबालभाई डोळे चोळताना दिसले आणि काय झालंय ते मला कळलं. त्यांची पन्नाशी उलटलेली, व्हिसा याच नोकरीवर, मुलीचं शिक्षण अर्ध्यावर. "हां अर्बाब, धुंधला है," मी ठोकून दिलं.

"परकाश, खरां सांग. तुला दिसतां?" इकबालभाईंनी विचारलं.

मी स्कोपची काच पुसायला लागलो. गिऱ्हाईक घड्याळ बघत होतं. इकबालभाई अर्बाबकडे वळले. "काच ठीक है, अर्बाब. मेरी आँख गई."

मला इतका राग आला! सगळं निभावून नेलं होतं की मी. दुकान बंद करताना तसं बोललोही. "चौथी काच मी काय बघून दिली असती रे?" ते म्हणाले. "गोळी भलतीकडं लागून जनावर रानात तडफडलां असतां."

अर्बाब वाईट माणूस नव्हता. इकबालभाईंना निघायला महिन्याची मुदत दिली आणि त्यांची जागा मला. मला त्यांच्याकडे मान वर करून बघायची लाज वाटायची, आणि ते मात्र रोज नमाज उरकून मला अंगणात उभं करायचे, चुकलो की चिडायचे.

शेवटच्या संध्याकाळी विमानतळाची गाडी दारात उभी होती, तरी त्यांनी नवा स्कोप काढून माझ्या हातात दिला. "काय दिसतां?"

"बकरी आहे. कान नाही दिसत, इकबालभाई. ही काच नको."

"खरां?"

"खरं."

मी नीट बघितलं की नाही, हे त्यांना कळायला काही मार्ग नव्हता. त्यांनी तो स्कोप माझ्या हातून घेतला आणि स्वतःच्या डोळ्याला न लावताच परत डब्यात ठेवला.