ठमाबाईचा हात

ठमाबाई माझी धाकटी जाऊ. तिचं चांगलं सांगायला माझी जीभ रेटत नाही, पण सांगते.

आमचं घर लोणीतलं, मूळचं मेंढरांमागचं. गुडघा धरला, पाठ भरली की लोक सासूबाईंकडे बिब्बा लावून घ्यायला येत. बिब्बा सुईला टोचून दिव्यावर धरायचा आणि सुटलेल्या काळ्या तेलाचे ठिपके दुखऱ्या जागी द्यायचे. थोरली म्हणून सासूबाईंनी आधी मलाच शिकायला बसवलं. पहिल्याच दिवशी मला बिब्बा उतला. तोंड सुजून डोळे मिटले, अंगभर फोड, आठ दिवस तीळ-खोबरं वाटून लावत पडून होते. सुई गेली ठमाकडे. तिच्या बोटांवरून तेल ओघळलं तरी कातडी लाल होत नसे.

प्लेगात सासूबाई गेल्या आणि ठमाचं राज्य आलं. पार ओझरहून माणसं येत. दारात मी उभी असले तरी विचारत, "ठमाबाई हायेत का?" वीस वर्षं माझा नुसता जळफळाट झाला.

मग एका सकाळी तिची बोटं चुरचुरली आणि दुपारपर्यंत चेहरा सुजला. इतक्या वर्षांनी तिलाही बिब्बा उतला होता. का, ते तिलाही कळेना.

"जाऊबाई, कुणाला सांगू नगा. माझं सारं जाईल," ती म्हणाली.

मी तीळ-खोबरं वाटून लावलं, आणि खरं सांगते, मला आनंद झाला.

तेवढ्यात गावातल्या यमाजीची कंबर धरली म्हणून लोकांनी त्याला खाटेवर घालून अंगणात आणलं. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "ठमाला बिब्बा उतलाय. आता ती न्हाई लावायची."

"मग तुमी लावा," यमाजी कण्हत म्हणाला.

वीस वर्षांत मला असं कुणी म्हटलं नव्हतं. तिचा सोसणारा हात फिरला, तर माझा न सोसणाराही फिरला असेल, असं माझ्या मनाने घेतलं. मी दिवा पेटवून सुईला टोचलेला बिब्बा ज्योतीवर धरला.

आत ठमाने सगळं ऐकलं होतं. मिटल्या डोळ्यांनी भिंत चाचपत ती बाहेर आली.

"टाका ती सुई! मराल तुमी!" म्हणत तिने नुसत्या हाताने बिब्बा हिसकावला. तेल तिच्या मनगटापर्यंत गेलं. माझ्या बोटाला थेंबही लागला नाही.

ती दीड महिना अंथरुणाला खिळली. लोक दारात येऊन अजून तिचीच चौकशी करत. मी रोज तिला लेप लावायची आणि मनात यायचं, तिच्या जागी मी असते तर आतच पडून राहिले असते. सुईचा हेवा तेव्हाच संपला. आता वाटतो तो तिच्या त्या बाहेर येण्याचा.