वीस सेकंदांचं लेझीम

सर्व मराठी बांधवांस आणि भगिनींस अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येतं की, नोएडातल्या आमच्या सोसायटीच्या बॅडमिंटन कोर्टावर माझी मुलगी घामाघूम झाली. स्वेच्छेने.

ही बातमी ज्यांना किरकोळ वाटेल त्यांनी माझी मुलगी पाहिलेली नाही. वय चौदा. गेल्या वर्षी शाळेत आठशे मीटर धावताना ती शेवटची आली, आणि तिची फेरी पुरी होईपर्यंत अख्खा वर्ग उभा राहून टाळ्या वाजवत होता. टाळ्या कौतुकाच्याच होत्या, पण तिला फार लागल्या. त्यानंतर पीटीचा तास आला की तिचा घोटा दुखायचा. केंद्र सरकारच्या नोकरीत मी जेवढ्या फायलींवर लिहिलं नसेल, तेवढ्या चिठ्ठ्या मी त्या घोट्यासाठी लिहिल्या.

अशात आमच्या मंडळाच्या सेक्रेटरी काकांनी जाहीर केलं की यंदा गणपतीच्या मिरवणुकीत मुलांचं लेझीम असेल, आणि शिकवणार मी. अमरावतीच्या शाळेत मी लेझीम पथकाची कॅप्टन होते, ही बढाई मीच एका हळदीकुंकवात मारली होती. आता भोगणं आलं.

पहिल्या रविवारी सकाळी बारा मुलं आली. आमच्या बाईंनी शिकवलं तसंच मी शिकवलं: चाळीस मिनिटं, न थांबता. दुसऱ्या रविवारी पाच उरली. लेक बाकावर बसलेली, मांडीवर लेझीम.

"ऊठ."

"आई, माझं नाही होणार. मी मागे पडते आणि सगळे बघतात."

"दहा मिनिटं कर."

"नाही."

"बरं, पाच."

"आई, यार!"

"मग तूच सांग किती."

"वीस सेकंद," मला कटवायला ती म्हणाली.

भाजीवाल्याशी वीस वर्षं घासाघीस केलेल्या बाईला असं बोलू नये. "ठरलं!" मी ओरडले. "वीस सेकंद जीव तोडून, बैठका मारत. मग चाळीस सेकंद बसा. असं आठ वेळा."

"आंटी, ये तो इंटरव्हल ट्रेनिंग है!" एक मुलगा आनंदाने किंचाळला आणि त्याने मोबाइलवर टायमर लावला. मला वाटलं होतं, शोध मी लावला.

टायमर वाजला. वीस सेकंद कोर्टावर नुसता खणखणाट. वॉचमन धावत आला. पुन्हा टायमर वाजला, सगळे धपाधप खाली. लेकीचा चेहरा टोमॅटोसारखा, आणि त्यावर माझ्याबद्दलचं मत स्पष्ट लिहिलेलं. पण एक गोष्ट माझ्या लक्षात आली. सगळे एकदम सुरू करत होते, एकदम थांबत होते. यात मागे पडायला जागाच नव्हती. तिसऱ्या फेरीत तिने शेजारच्या मुलीकडे बघून डोळे फिरवले आणि दोघी हसत सुटल्या.

खरा पेच सेक्रेटरी काकांचा होता. लेझीमचा इतिहास सांगितल्याशिवाय त्यांना चैन पडत नव्हतं, आणि मिळत होते फक्त चाळीस सेकंद. प्रत्येक विश्रांतीत ते "तर मुलांनो," म्हणून उभे राहत, जुन्या आखाड्यांपर्यंत पोचत, की टायमर वाजे. पुढच्या रविवारी बाराच्या बारा मुलं परत आली, ती लेझीमसाठी की काका कुठवर पोचतात ते बघायला, देव जाणे. "तर मुलांनो" तर सगळी एका सुरात म्हणायला लागली.

त्या रविवारी सातव्या फेरीनंतर मात्र काका हट्टाला पेटले. टायमर वाजला तरी आखाड्यातून बाहेर येईनात. मुलं पसरलेली, फुकटची विश्रांती मिळालेली. मी रिकाम्या बाकाकडे बघितलं. लेकीने परत तिथे जाऊन बसायचं ठरवलं असतं तर हीच वेळ होती.

ती उठली. केस कपाळाला चिकटलेले.

"काका, बस! वेळ झाली!" आणि तिने लेझीम डोक्यावर नेऊन खणकन वाजवलं. बाकीच्यांना उठावंच लागलं. काका तोंड उघडं ठेवून बाजूला झाले.

आठवी फेरी संपली. ती कोर्टावर उताणी पडली, हातपाय चारी दिशांना. मी घाबरून पाण्याची बाटली घेऊन धावले. तिने एक डोळा उघडला आणि सगळ्या सोसायटीला ऐकू जाईल अशी ओरडली,

"आई, मी मेले! रविवारपर्यंत कोण थांबेल? उद्या किती वाजता?"